वरचा जबडा अरुंद, खालचा जबडा वाकडा

मुलाला खिडकीच्या उजेडात समोर बसवा आणि तोंड पूर्ण उघडायला सांगा. वरच्या पुढच्या दोन दातांमधली रेषा आणि खालच्या पुढच्या दोन दातांमधली रेषा एकाखाली एक येतात का, ते नीट बघून ठेवा. आता त्याला हळूहळू तोंड मिटायला सांगा, घाई न करता. बहुतेक मुलांचा खालचा जबडा सरळ वर येऊन बसतो. काही मुलांत मात्र वेगळेच दिसते. दात एकमेकांना जेमतेम टेकतात, क्षणभर अडखळतात आणि मग हनुवटी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते, तेव्हा कुठे दात घट्ट मिटतात. तोंड उघडे असताना जुळलेल्या रेषा मिटल्यावर दोन-तीन मिलिमीटरने चुकलेल्या असतात.

घरात ही गोष्ट सहसा ईदच्या फोटोंत लक्षात येते. नवे कपडे, टोपी, अत्तर, सगळे व्यवस्थित; फक्त हनुवटी जरा एका बाजूला. मग नानी म्हणते, “बापाच्या वळणावर गेलाय.” दादी म्हणते, “मोठा झाला की सरळ होईल.” आणि विषय तिथेच संपतो. कधी कधी तो खरोखर वळणाचाच प्रश्न असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तोंड मिटताना हनुवटी सरकत असेल, तर दोष खालच्या जबड्यात नसून वरच्या जबड्यात असण्याची शक्यता जास्त असते. दिसते एकीकडे आणि दुखणे दुसरीकडे, असा हा प्रकार आहे. मूल वाढत्या वयाचे असेल तर त्यावर चांगला उपाय आहे. मात्र तो उपाय मुलाच्या वाढीबरोबर चालतो, आणि वाढ कुणासाठी थांबत नाही.

स्वयंपाकघरातला झाकणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. झाकण डब्यापेक्षा किंचित मोठे असते, म्हणून ते चारी बाजूंनी बाहेरून बसते. निरोगी तोंडात वरचे दात खालच्या दातांवर असेच बसतात, सगळीकडून थोडे बाहेर. आता झाकण अरुंद झाले असे समजा. ते सरळ ठेवले तर कडेवर कड येते आणि डगमगते. घट्ट बसवायचे तर एका बाजूला सरकवावे लागते. मग एक बाजू नीट बसल्यासारखी दिसते आणि दुसऱ्या बाजूला डब्याची कड झाकणाच्या बाहेर येते.

तोंडात नेमके हेच होते. वरचा जबडा दोन्ही बाजूंनी थोडा थोडा अरुंद असतो. मूल तोंड सरळ मिटायला जाते तेव्हा वरच्या दाढांची टोके खालच्या दाढांच्या टोकांवर येतात. असे चावता येत नाही आणि टोचतेही. मुलाचे स्नायू काही दिवसांतच सोयीची जागा शोधून काढतात आणि जबडा एका बाजूला सरकवून बसवायला शिकतात. मुलाला हे कळतही नाही. ज्या बाजूला जबडा सरकतो, त्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत जाऊन बसतात. दाताचे डॉक्टर याला क्रॉसबाइट म्हणतात. आपण उलटा चावा म्हणू. दुसरी बाजू अगदी ठीक दिसते. त्यामुळे आई-वडिलांना वाटते की दोष एकाच बाजूला आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अरुंदपणा दोन्ही बाजूंना असतो आणि वाकडेपणा खालच्या जबड्याच्या सरकण्याने आलेला असतो.

यात काळजीचे काय? खालचा जबडा दोन कानांपुढच्या दोन सांध्यांत टांगलेला असतो, दोन साखळ्यांच्या झोपाळ्यासारखा. तो एका बाजूला सरकला की दोन्ही सांध्यांत सारखी स्थिती राहत नाही. सरकलेल्या बाजूचे हाडाचे टोक खोबणीत मागे राहते आणि दुसऱ्या बाजूचे टोक पुढे-खाली ओढले जाते. मोठ्या माणसात हा फक्त स्थितीचा प्रश्न असता. पण मुलाच्या जबड्याची वाढ याच टोकांशी होत असते. वर्षानुवर्षे दोन बाजूंना वेगवेगळी स्थिती आणि वेगवेगळा ताण मिळाला, तर दोन बाजू वेगवेगळ्या लांबीच्या होऊ शकतात. लहानपणी जे नुसते सरकणे होते, ते मोठेपणी हाडाचा वाकडेपणा होऊन बसते. प्रत्येक मुलात तसे होतेच असे नाही. पण एकदा झाले की मग ते तार लावून सुटत नाही.

टाळूतली शिवण

जिभेचे टोक टाळूच्या मधोमध मागून पुढे फिरवा. एक बारीक कंगोरा लागतो. त्याच्या वर, हाडामध्ये, एक शिवण असते. वरचा जबडा उजवा आणि डावा असा दोन तुकड्यांचा आहे आणि या शिवणीवर ते तुकडे एकत्र आलेले असतात. लहानपणी ही शिवण बऱ्यापैकी सरळ आणि सैल असते. वय वाढते तशी ती नागमोडी होत जाते, दोन्ही बाजूंचे दाते एकमेकांत अडकू लागतात आणि शेवटी हाडाला हाड जुळते. खालच्या जबड्याचे असे नाही. त्याचेही दोन भाग असतात, पण ते बाळाच्या पहिल्या वर्षातच एकजीव होतात. म्हणून रुंद करायचा तो वरचाच जबडा. खालच्याला हात न लावता त्याची जागा बदलायची, ही या उपचारातली युक्ती आहे.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने १८६० साली चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवला आणि तो रोज फिरवायला लावला. दोन आठवड्यांत तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. त्यावरून जबड्याचे दोन भाग वेगळे झाले, असे एंजेलने लिहिले. त्या काळच्या जाणकारांना ते पटले नाही. एक्स-रेचा शोधच १८९५ साली लागला. त्याआधी टाळूतले हाड बघणार कसे? पुढे बरीच दशके ही पद्धत मागे पडली. अँड्र्यू हास यांनी आधी प्राण्यांवर आणि नंतर मुलांवर काम करून १९६१ साली आपले निष्कर्ष छापले, तेव्हा ती पुन्हा चालू झाली. वरचा जबडा रुंद करताना खालचा जबडाही जागा बदलतो, हे हास यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते.

आज वापरले जाणारे साधन साधारण असे असते. वरच्या दाढांना स्टीलच्या कड्या, त्यांना जोडलेल्या जाड तारा आणि मधोमध टाळूजवळ एक छोटा स्क्रू. स्क्रूला बारीक भोक असते. त्यात किल्ली घालून पुढून मागे ढकलायची. एका वेळी स्क्रू पाव फेरा फिरतो आणि साधारण पाव मिलिमीटर उघडतो. जलद पद्धतीत दिवसातून एक किंवा दोन वेळा फिरवतात आणि दोन-तीन आठवड्यांत काम होते. त्यानंतर स्क्रू बंद करून साधन तसेच काही महिने ठेवतात, कारण शिवण उघडली की त्या जागी नवे हाड भरायला वेळ लागतो. साधन घाईने काढले तर जबडा परत आत येतो. सावकाश पद्धतही आहे. तिच्यात चार वळणांची तार असते, जी किल्लीशिवाय स्वतःच हळूहळू दाब देते. घालता-काढता येणारी प्लेटही असते. ती स्वस्त पडते, पण मूल ती घालील तेव्हाच काम करते. रुमालात गुंडाळून दप्तरात ठेवलेली प्लेट जबडा रुंद करत नाही. सात ते अकरा वयाच्या मुलांत उलटा चावा दुरुस्त करण्यासाठी घट्ट बसवलेली तार प्लेटपेक्षा जास्त भरवशाची ठरते, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे.

रुंदी वाढते ती सगळी हाडातूनच असेही नाही. काही भाग शिवण उघडल्याने येतो, काही भाग दाढा बाहेर झुकल्याने. मूल जितके लहान तितका हाडाचा वाटा चांगला. वय वाढले की शिवण दाद देत नाही आणि सगळा जोर दातांवर येतो.

मग खालच्या जबड्याचे काय होते?

आई-वडिलांनी नीट समजून घ्यावे असे खरे इथे आहे, कारण याच ठिकाणी अतिशयोक्तीही फार होते.

पहिली गोष्ट बाजूला सरकण्याची. वरचा जबडा रुंद झाला की दाढांची टोके एकमेकांवर येत नाहीत, अडथळा जातो आणि खालच्या जबड्याला सरकण्याचे कारणच उरत नाही. तो मध्यावर येऊन बसतो. चुकलेल्या रेषा पुन्हा जुळतात आणि सांध्यांतली दोन्ही टोके सारख्या स्थितीत येतात. खालच्या जबड्याला कुणी हातही लावलेला नसतो. जिथे जबडा खरोखर सरकत होता, हाड वाकडे झाले नव्हते, तिथे या उपचाराचा चांगला भरवसा देता येतो. हाडच वाकडे वाढले असेल तर मात्र फक्त वरचा जबडा रुंद करून हनुवटी मध्यावर येणार नाही. सुरुवातीला सांगितलेली खिडकीतली तपासणी म्हणूनच महत्त्वाची आहे. तोंड उघडे असताना हनुवटी मध्यावर आणि मिटल्यावर बाजूला, म्हणजे सरकणे. उघडे असतानाही बाजूलाच, म्हणजे गोष्ट वेगळी. शेवटचा निवाडा अर्थात डॉक्टर एक्स-रे आणि दातांचे साचे पाहूनच करतील.

दुसरी गोष्ट ऐकून अनेक आया घाबरतात. स्क्रू फिरवायला लागल्यावर काही दिवसांनी हनुवटी खाली आणि किंचित मागे गेल्यासारखी दिसते, चेहरा लांब वाटतो, पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. यात बिघडलेले काही नसते. डॉक्टर मुद्दामच गरजेपेक्षा थोडी जास्त रुंदी देतात, कारण पुढे थोडी परत जाणार हे त्यांना माहीत असते. त्यामुळे काही काळ वरच्या दाढांची आतली टोके खालच्या दाढांच्या उंचवट्यांवर चढतात आणि जबडा पूर्ण मिटत नाही. दरवाजाखाली खडा अडकावा तसे. दाढा आपापल्या जागी बसल्या की बहुतेक मुलांत हा फरक पुढच्या महिन्यांत निवळतो. मात्र ज्या मुलाचा चेहरा आधीच लांबट आहे आणि तोंड मिटल्यावरही पुढच्या दातांत फट राहते, त्याच्या बाबतीत डॉक्टर सावध असतात आणि कधी कधी दाढांवर प्लास्टिकचे आवरण असलेले साधन निवडतात. असे मूल असेल तर हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

तिसरी गोष्ट जबडा पुढे येण्याची. काही मुलांची हनुवटी मागे असते आणि वरचे दात पुढे दिसतात. अशा मुलांचा वरचा जबडा रुंद केला की खालचा जबडा आपोआप पुढे येतो, असा एक विचार गेली काही दशके चालत आला आहे. त्यासाठी मोजडीचे उदाहरण देतात. मोजडी पुढून अरुंद असेल तर पाय पुढे जातच नाही, अर्ध्यावर अडकतो. मोजडी सैल केली की पाय पुढे सरकतो. उदाहरण सुंदर आहे आणि काही डॉक्टरांनी आपल्या रुग्णांत असा बदल पाहिलाही आहे. पण उपचार झालेल्या मुलांची उपचार न झालेल्या मुलांशी तुलना केली, तेव्हा काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत दिसला नाही. कारण उघड आहे. वाढत्या मुलाची हनुवटी तशीही वर्षागणिक पुढे येतच असते. त्यातले श्रेय स्क्रूचे किती आणि वयाचे किती, हे वेगळे करणे कठीण जाते. आमचे मत असे की हनुवटी मागे आहे आणि वरचा जबडा अरुंदही आहे, तर रुंदी वाढवणे योग्यच. पण जबडा अरुंद नसताना “रुंद करू, म्हणजे हनुवटी आपोआप पुढे येईल” असे कुणी सांगत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. हनुवटी पुढे आणण्यासाठी वेगळी साधने आहेत. स्कॉटलंडचे विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली तयार केलेले ट्विन ब्लॉक हे त्यातले सर्वांत परिचित. गंमत म्हणजे त्याच्याही वरच्या भागात बहुतेक वेळा रुंद करण्याचा स्क्रू असतो. खालचा जबडा पुढे आला की त्याचा रुंद भाग वरच्या जबड्याच्या अरुंद भागासमोर येतो, आणि वरचा रुंद केला नाही तर नवा उलटा चावा तयार होतो. मोजडीच्या विचारात तथ्य आहे ते इथे.

याच्या उलट प्रकारात खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे बसतात. तिथे वरचा जबडा रुंद करून त्याला चेहऱ्यावर लावायच्या पट्ट्याने पुढे ओढतात. हनुवटी खाली-मागे जाण्याचा जो परिणाम वर सांगितला, तो या मुलांत उलट उपकारक ठरतो. हा उपचार जितका लवकर तितका चांगला. दहा वर्षांच्या आत सुरू झाला तर फळ जास्त मिळते.

घरात ते काही आठवडे

किल्ली फिरवण्याचे काम आई-वडिलांचे. मुलाला आडवे झोपवा, मान थोडी मागे, एकाने मोबाईलची बत्ती धरावी, दुसऱ्याने किल्ली. किल्लीला लांब दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळावा, म्हणजे ती सुटून घशात जाण्याची भीती नाही. रोजची फेरी कॅलेंडरवर लगेच खूण करून ठेवावी. “आज अम्मीने फिरवली की अब्बांनी?” या गोंधळात एकाच दिवशी चार फेऱ्या होऊ नयेत. फिरवल्यावर काही मिनिटे नाकाच्या मुळाशी आणि दोन डोळ्यांमध्ये दाब जाणवतो, तो ओसरतो. पुढच्या दोन दातांत फट पडते, कधी चांगली ठळक. शेजारीण विचारील, “अहो, हे काय करून घेतलेत?” ती फट शिवण उघडल्याची खूण आहे. हिरडीतले धागे दातांना परत जवळ ओढतात आणि ती काही महिन्यांत आपसूक कमी होते.

पहिले आठ-दहा दिवस बोलणे बोबडे होते. जीभ टाळूला जिथे टेकायची, तिथे लोखंड असते. मग स, श आणि त्यांच्या जवळचे उच्चार सुटतात. हे मकतबच्या उस्तादांना आधीच कळवून ठेवावे. नाही तर मखरज चुकला म्हणून मुलाला बोलणी बसतात आणि ते पठणच टाळू लागते. खरे तर मोठ्याने वाचणे हाच यावरचा उपाय आहे. रोजचा सबक घरात एकदा मोठ्याने म्हणून घेतला तर जीभ नव्या जागेला लवकर सरावते. शाळेच्या बाईंनाही सांगावे.

जेवणात चिकट आणि कडक गोष्टी टाळाव्यात. खजूर खायचा तर बी काढून, बारीक करून. चिक्की, बर्फाचे खडे, नळीचे हाड काही महिने दुसऱ्यांना खाऊ द्यावे. रमजानमध्ये उपचार चालू असेल आणि मूल रोजे ठेवत असेल, तर किल्ली फिरवण्याची वेळ तरावीहनंतरची ठेवणे सोयीचे पडते. दुखले तर पाणी पिता येते आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळीही घेता येते. सहेरीनंतर ब्रश न करता झोपणे मात्र महागात पडते, कारण कड्यांच्या कडांना अन्न अडकून दात किडतो. वुजूच्या चुळा आणि मिस्वाक यांनी तोंड ताजे राहते. पण तारांच्या खालची जागा ब्रशशिवाय निघत नाही.

काही घरांत असाही प्रश्न येतो की अल्लाहने दिलेल्या चेहऱ्यात फेरफार करणे योग्य आहे का. शोभेसाठी केलेला बदल आणि दोष दूर करण्यासाठी केलेला उपचार यांत उलेमाही फरक करतात. नीट चावता येणे आणि जबडा सरळ वाढणे हा उपचाराचा भाग आहे. शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, पण विचारताना नेमके काय होणार आहे ते सांगावे. नुसते “दातांना तार” म्हटले की उत्तरही अर्धवटच मिळते.

मुलींच्या बाबतीत

इथे आम्हाला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. मुलाचे दात वाकडे असले तर आपण म्हणतो बघू. मुलीचे असले तर म्हणतो, लग्नाच्या आधी करून घेऊ. दातांच्या तारेपुरते हे चालून जाते, कारण दात कोणत्याही वयात हलतात. टाळूतली शिवण अशी वाट बघत नाही. त्यातून मुलींची वाढ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी वेग घेते आणि आधीच मंदावते. पाळी सुरू झाली याचा अर्थ वाढीचा जोराचा काळ बहुधा मागे पडला. म्हणजे भावासाठी तेराव्या वर्षी जे सहज होईल, ते बहिणीसाठी त्या वयात अवघड झालेले असू शकते. प्रत्येकीची शिवण वेगवेगळ्या वेळी जुळते, त्यामुळे ठाम वय सांगता येत नाही. पण पंधरा-सोळाच्या पुढे नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवता येत नाही. मग टाळूच्या हाडात बारीक खिळे बसवून जोर द्यावा लागतो, किंवा शस्त्रक्रिया करून शिवण मोकळी करावी लागते. आठव्या वर्षी किल्लीच्या दोन-तीन आठवड्यांत आटोपणारे काम विसाव्या वर्षी ऑपरेशन टेबलावर जाते. खर्च किती पट वाढतो ते वेगळेच. स्थळे यायला लागल्यावर हनुवटीकडे लक्ष गेले, तर हातात उरलेले मार्ग सगळे महागडे असतात.

अमेरिकेतल्या दंतरचनातज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की मूल सात वर्षांचे होईपर्यंत एकदा तज्ज्ञाला दाखवावे. सातव्या वर्षी पहिल्या पक्क्या दाढा आलेल्या असतात आणि पुढचे दात बदलत असतात, त्यामुळे उलटा चावा ओळखू येतो. दाखवले म्हणजे लगेच तार लावायची असे नाही. काही लहान मुलांत नुसते दुधाचे सुळे थोडे घासून टोक कमी केले की अडथळा जातो आणि जबडा सरकणे थांबते. काहींत दात बदलताना ते आपोआपही सुटते. म्हणून तज्ज्ञ कधी कधी “सहा महिन्यांनी या” म्हणतात. तेव्हा खरोखरच सहा महिन्यांनी जावे.

अरुंद कशामुळे?

वरचा जबडा आतून जीभ रुंद ठेवते आणि बाहेरून गाल दाबतात. तोंड मिटून नाकाने श्वास घेणाऱ्या मुलाची जीभ टाळूला लागून असते. तोंड उघडे ठेवणाऱ्या मुलाची जीभ खाली पडते, गालांचा दाब तेवढा उरतो आणि कमान आत येते. अंगठा चोखताना गाल आत ओढले जातात, तिथेही तेच. चोखणी आणि दुधाची बाटली वर्षानुवर्षे चालू राहिली तरी तेच. अंगावरचे दूध जास्त काळ प्यालेल्या मुलांत उलटा चावा कमी आढळतो, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. दोन वर्षे दूध पाजण्याची आपल्या घरांतली रीत या बाबतीतही कामाची आहे. एगिल हारवोल्ड यांनी माकडांची नाके बंद करून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. नाकाने श्वास बंद झाल्यावर त्या माकडांच्या जबड्याची ठेवण आणि दातांची रचना बदलत गेली.

म्हणून जे मूल रात्री घोरते, तोंड उघडे ठेवून झोपते, सारखे सर्दीने बेजार असते, त्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवावे. नाकामागे वाढलेली गाठ आणि मोठे टॉन्सिल तसेच ठेवून जबडा रुंद केला, तर मूळ कारण जागच्या जागी राहते. टाळू म्हणजे नाकाची जमीन. ती रुंद झाली की नाकातली वाटही थोडी मोकळी होते, हे खरे. पण त्यामुळे घोरणे, दमा, अभ्यासातले दुर्लक्ष सगळे बरे होईल, अशी जी जाहिरातबाजी मोबाईलवर दिसते, तिच्यावर विसंबून कुणी दंतोपचाराला जाऊ नये. जबडा अरुंद असेल तर तो रुंद करावा. कारण तेवढेच पुरेसे आहे.

खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. तिथे दंतरचनेचा स्वतंत्र विभाग असतो आणि खाजगी दवाखान्याच्या मानाने खर्च बराच कमी येतो. रांग आणि फेऱ्या जास्त, हे मनात धरूनच जावे. जाताना मुलाचे समोरून काढलेले दोन फोटो बरोबर न्यावेत, एक ओठ बाजूला करून दात मिटलेला, एक तोंड उघडलेला. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: जबडा सरकतो आहे की हाडच वाकडे आहे, अरुंदपणा एका बाजूला आहे की दोन्ही, आणि रुंदी मिळाल्यावर साधन किती महिने तोंडात राहणार. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी तेच दोन फोटो पुन्हा काढून जुन्यांशेजारी ठेवावेत आणि पुढच्या तपासणीला चारही घेऊन जावे.